डोंगराआडचा सूर्य कुणी शिकवला?

प्रश्न : लॉकडाउनच्या काळात माझ्या नातीची शाळा फोनवर भरत होती. चित्रकलेच्या बाईंनी निसर्गचित्र काढायला सांगितलं आणि सगळ्या वर्गाची चित्रं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आली. मी एकेक उघडून पाहिलं. सगळीकडे दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, तिथून वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी! मी प्राथमिक शाळेत असताना मीही हेच चित्र काढलं होतं. आम्ही पंढरपूरचे. दारात चंद्रभागा आहे, पण असे डोंगर इथल्या मुलांनी कुठे पाहिले? मग हे चित्र त्यांना शिकवतं कोण?
(एक आजी, पंढरपूर)

उत्तर : आजी, हे चित्र मुलांना बहुतेक वेळा दुसरी मुलंच शिकवतात. मोठ्या बहिणीच्या वहीतून ते धाकट्या भावाच्या वहीत उतरतं, पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जातं आणि कधी फळ्यावरून एकाच तासात सगळ्या वर्गात पसरतं. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकी कलाशिक्षण-अभ्यासकांनी १९७७ मध्ये हे ठामपणे मांडलं. मुलाचं चित्र त्याच्या मनातून आपोआप उमलतं, असा समज तेव्हा रूढ होता. विल्सन दांपत्याने चित्रं काढणाऱ्या मुलांनाच विचारलं, हे कुठून आलं, ते कुठून आलं. उत्तरं मिळाली ती कॉमिकची, टीव्हीची, मित्राच्या वहीची. म्हणजे चित्र जन्मतं ते बरेचदा आधी पाहिलेल्या चित्रातून. भाषा जशी आपण ऐकून उचलतो तशीच ही चित्रांची बोली मुलं बघून उचलतात.

नातीच्या वर्गातल्या त्या चित्राचे सुटे भाग करून बघा, म्हणजे ते इतकी वर्षं का टिकलं हे लक्षात येईल. त्यातली प्रत्येक गोष्ट दोन-तीन फटकाऱ्यांत होते. डोंगर दोन तिरक्या रेषांचा, सूर्य अर्ध्या वर्तुळाचा, नदी दोन वाकड्या रेषांची. पहिलीतल्या मुलाच्या बोटांना चारचा आकडा नुकताच वळलेला असतो, म्हणून मराठी शाळेतला पक्षी चारसारखा उडतो. साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलाकडे प्रत्येक वस्तूसाठी एक ठरलेली आकृती तयार असते आणि त्या आकृत्या कागदावर मांडण्यात त्याला मोठं समाधान मिळतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात या पायरीचं सविस्तर वर्णन केलं आहे. या वयात ठरावीक डोंगर काढणं हे वाढीचंच लक्षण आहे, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. काळजी वाटते ती तोच डोंगर तसाच्या तसा दहावीपर्यंत येतो तेव्हा.

शाळेची घडीही या चित्राच्या बाजूची आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, समोर पन्नास-साठ मुलं, हातात आडवी धरायची ड्रॉइंगची वही. खडूने फळ्यावर पटकन काढता येईल, मागच्या बाकावरूनही दिसेल, मुलांना जमेल आणि घंटा व्हायच्या आत रंगवून होईल असं चित्र शिक्षकाला हवं असतं. डोंगर-सूर्याच्या चित्रात हे सगळे गुण आहेत. ते कुठूनही मोडत नाही. डावीकडचा डोंगर उंच झाला काय किंवा झोपडी कलली काय, चित्र पुरं झाल्यासारखं दिसतंच.

गंमत म्हणजे हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंडोनेशियातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ हेच काढत आली आहेत. दोन डोंगर, मधे सूर्य, मधून येणारा रस्ता आणि दोन्हीकडे भातखाचरं. जावा बेटावर तसे ज्वालामुखी खरोखर आहेत, पण सपाट प्रदेशातली मुलंही तेच काढतात.

आपल्याकडचं चित्र मी कोकणात उभं राहून पाहिलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कोकणात सह्याद्री पूर्वेला आहे. तिथे सूर्य खरोखरच डोंगरामागून उगवतो, नदी त्या डोंगरातूनच निघून आपल्या दिशेने येते, काठाला उतरत्या छपराचं घर असतं आणि दारात नारळ असतो. महाड-संगमेश्वरच्या मुलासाठी हे चित्र जवळपास खरं आहे. ते कोकणातून आलं असा माझा दावा नाही. मला एवढंच दिसतं की एका ठिकाणी जे खिडकीतून दिसतं, ते दुसऱ्या ठिकाणी नुसतं पाठ केलेलं असतं आणि शाळेच्या वहीत दोघांना सारखेच गुण मिळतात.

हे पाठ करणं शाळेत एवढं मुरलं कसं, यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिच्यावर आणि पुढे शाळांमधल्या चित्रकलेवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा ठसा होता. त्या पद्धतीचा उद्देश कारखान्यांना आणि कारागिरीला उपयोगी पडेल असा सफाईदार हात तयार करणं हा होता. म्हणून आधी छापील नमुन्यावरून रेषा गिरवायची, मग नक्षी, मग भूमिती, मग प्लास्टरचे ठोकळे आणि पुतळे. जिवंत, हलतं, बदलतं जग फार पुढे यायचं. कित्येकांना ते कधीच भेटत नसे. आपल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांची मुळं याच जमिनीत आहेत. जुन्या पिढीला आठवत असेल, नक्षीचा अर्धा भाग छापलेला असायचा आणि उरलेला अर्धा आपण हुबेहूब जुळवायचा.

त्या शिस्तीची मी टिंगल करणार नाही. तिने हजारो मुलांना स्थिर हात दिला, प्रमाणाची जाण दिली. खेड्यातल्या कितीतरी मुलांसाठी ग्रेड परीक्षा हाच कलेच्या महाविद्यालयाकडे जाणारा एकमेव रस्ता होता. पण एक गोष्ट तिच्यात राहून गेली. ‘तुला काय दिसतं?’ हा प्रश्न विचारायला तिथे जागाच नव्हती.

आता महामारीच्या काळाकडे येऊ, कारण तुम्हाला हा प्रश्न पडला तो तेव्हा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि चित्रकलेचा तास फोनच्या पडद्यात गेला. तिथे दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडल्या.

पहिली अशी की नक्कल वाढली. यूट्यूबवर ‘सोप्या पायऱ्यांत’ चित्र काढून दाखवणारे हजारो व्हिडिओ आहेत. पडद्यावरचा हात एक रेघ काढतो, मूल थांबवून तीच रेघ काढतं. फळ्यावरचं चित्र निदान पुसलं जायचं आणि पुढच्या तासाला बाईंचा हात थोडा वेगळा चालायचा. व्हिडिओतला हात कधीच बदलत नाही. त्या वर्षी एक नवं ठरीव चित्र आपल्या डोळ्यांदेखत तयार झालं. तोंडाला मास्क लावलेली पृथ्वी, बाजूला पांढऱ्या कोटातले डॉक्टर आणि अंगावर काटे असलेला गोल विषाणू. विषाणू डोळ्यांनी तर कुणालाच दिसत नव्हता. करड्या गोळ्यावर लाल काटे हे रूप त्याला दिलं ते अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या चित्रकारांनी, जानेवारी २०२० मध्ये. काही महिन्यांत ते रूप जगभरच्या वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून आपल्या गल्लीतल्या स्पर्धेच्या कागदावर आलं. डोंगराआडच्या सूर्याला जो प्रवास करायला पिढ्या लागल्या असतील, तो या काटेरी चेंडूने एका शैक्षणिक वर्षात केला. चित्रं चित्रांतून जन्मतात याचा याहून स्पष्ट पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट मात्र आशेची आहे. शाळेतून मूल घरी आलं, म्हणजे खऱ्या वस्तूंच्या मधोमध आलं. वर्गात वस्तुचित्रासाठी एक बादली, एक वांगं आणि मागे कापड लावायला किती खटाटोप करावा लागतो! घरात पाटा-वरवंटा, शिलाई मशीन, झोपलेले आजोबा, वाळत घातलेल्या साड्या, गॅलरीचे गज, सगळं हजर होतं. ज्या शिक्षकांनी हे ओळखलं त्यांनी नमुना-चित्राची पीडीएफ पाठवली नाही. त्यांनी सांगितलं की सकाळी आठला खिडकीतून जे दिसतं ते काढा आणि तीच खिडकी संध्याकाळी सहाला पुन्हा काढा. किंवा घरात कुणाचे तरी काम करणारे हात काढा. अशा वर्गांची चित्रं एकमेकांसारखी येणं शक्यच नव्हतं.

तुमच्याच जिल्ह्यात, सोलापूरच्या निलमनगरमध्ये, आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी त्या काळात आणखी एक वाट काढली. कामगारांची वस्ती, घरोघरी स्मार्टफोन नाही, म्हणून त्यांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलं अंतर राखून भिंतीशी उभी राहून शिकत होती. ते धडे सगळ्या विषयांचे होते, चित्रकलेचे म्हणून नव्हते. पण भिंत रंगवली की गल्ली शाळा होते, हे चित्रकलेनेच शक्य केलं.

फोनवरच्या तासात सर्वांत मोठं नुकसान कशाचं झालं, हेही सांगतो. वर्गात मी मुलांच्या मागून फिरत असे, तेव्हा मला चित्र होताना दिसायचं. कोणती रेघ आधी आली, हात कुठे अडला, काय खोडलं, कुणी आपल्याशीच पुटपुटत घोडा काढला, हे सगळं पाहता यायचं. ग्रुपवर येतो तो शेवटचा फोटो, तोही ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळा-निळा पडलेला. त्यावर अंगठा किंवा ‘छान’ यापलीकडे काय लिहिणार? याला एक साधा उपाय होता. एका चित्राचे तीन फोटो मागवायचे, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, आणि सोबत मुलाच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप की यात काय चाललंय. त्या आवाजात शिक्षकाला चित्राच्या दुप्पट ऐकू येतं. शाळा आता पूर्ववत झाल्या आहेत, तरी आजारपणात घरी राहिलेल्या किंवा स्थलांतरित पालकांबरोबर गेलेल्या मुलांसाठी ही पद्धत आजही उपयोगी आहे.

आणि नातीसाठी? तिला चुकूनही ‘डोंगर काढू नकोस’ म्हणू नका. डोंगर तिच्या मैत्रिणींशी बोलण्याची तिची रीत आहे. तुम्ही तिला वही घेऊन महाद्वार घाटावर न्या आणि नुसतं विचारा. होडीचं टोक किती वर उचललेलं आहे? वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळाला पाणी कुठपर्यंत लागलंय? उजनी धरणातून पाणी सोडतात तेव्हा ते देऊळ कुठपर्यंत बुडतं? २०२० ची आषाढी तिने पाहिली असेल, १ जुलैचा तो दिवस. संतांच्या पादुका एसटीने आल्या, रस्त्यांवर संचारबंदी, वाळवंट रिकामं. पंढरपूरच्या मुलीशिवाय ते चित्र कोण काढू शकतं? आठवून काढायला सांगा. तिच्याकडे त्या दिवसाचा साक्षीदार डोळा आहे आणि कुठल्याच व्हिडिओत त्याच्या पायऱ्या नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे वेगळा कलाशिक्षक नाही, रंगांना पैसे नाहीत आणि मला स्वतःला चित्र काढता येत नाही. चित्रकलेचा तास मी मुलांना ‘काहीही काढा’ म्हणून देते आणि वह्या तपासते. याहून बरं काही करता येईल का?
(एक शिक्षिका, वर्धा जिल्हा)

उत्तर : बाई, तुमच्यासारख्या शिक्षकांची संख्या फार मोठी आहे आणि दोष तुमचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीची लहान शाळा त्यात बसतच नाही. नेमक्या ज्या वयात मूल चित्रातून सर्वाधिक बोलतं, त्या वयाला आपण कलाशिक्षक दिलेला नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

पण तुम्ही वर्धा जिल्ह्यात आहात, म्हणून तुम्हाला आधी सेवाग्रामची आठवण करून देतो. नई तालीम या शिक्षणपद्धतीची कल्पना १९३७ मध्ये तुमच्याच वर्ध्यात मांडली गेली. शांतिनिकेतनात शिकलेला देवी प्रसाद नावाचा तरुण चित्रकार १९४४ मध्ये सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आला आणि १९६२ पर्यंत तिथे राहिला. कुंभारकामातही तो तरबेज होता. सेवाग्रामच्या अनुभवातून देवी प्रसाद यांनी मुलांच्या कलेवर हिंदीत पुस्तक लिहिलं, पुढे ते इंग्रजीतही आलं. मोठ्यांच्या चित्राच्या मापाने मुलाचं चित्र मोजू नये आणि कला हा वेळापत्रकातला एक सुटा तास नसून शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांच्या विचाराचं सार. ज्या शाळेत सूतकताई, शेती, सफाई हेच अभ्यासक्रमाचं केंद्र होतं, तिथे महागडे रंग असण्याचा प्रश्नच नव्हता. पैसा नसणं हे कारण तेव्हाही होतं आणि तिथे ते आड आलं नाही.

दुसरं उदाहरण पालघरकडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मोजायला बिया, मांडायला शिंपले, रचायला पानं आणि दगड. साहित्य विकत घ्यायचं नाही, गोळा करायचं. २०२० मध्ये आपण ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ म्हणत धडपडलो, त्याच्या कितीतरी आधी या दोघींनी शाळा मुलापर्यंत नेऊन दाखवली होती.

तेव्हा रंगांचं असं करा. कोळसा, गेरू, हळद, पळसाची फुलं तुमच्या भागात मिळतातच. वस्तू कुटून वस्त्रगाळ करा आणि बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात कालवा. बाजारच्या जलरंगातही रंगाला धरून ठेवायला डिंकच असतो. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो, हे मुलांना स्वतः पाहू द्या. एक कागद उन्हात आणि एक कपाटात ठेवायला सांगा, विज्ञानाचा तासही होऊन जाईल. कागदाला लग्नपत्रिकांची कोरी बाजू आणि खोक्यांचे पुठ्ठे चालतात. पुठ्ठ्यावर गेरू फार सुंदर बसतो.

आता ‘काहीही काढा’बद्दल. हे वाक्य मोकळीक देणारं वाटतं, पण मूल त्या मोकळ्या मैदानात घाबरतं आणि ओळखीच्या डोंगराकडे पळतं. मुलाला विषय नेमका द्यावा आणि काढण्याची रीत मात्र त्याच्यावर सोडावी. ‘बैल काढा’ म्हणण्याऐवजी तान्ह्या पोळ्याचा स्वतःचा लाकडी नंदी शाळेत आणायला सांगा. तो बाकावर ठेवा. त्याची मान बाजूने कशी दिसते, समोरून कशी, चाकं दिसतात का, शिंगांचा रंग कुठे उडालाय? पाच मिनिटं नुसतं बघायचं, पेन्सिल खाली. मग नंदी पिशवीत ठेवायचा आणि काढायचं. झालं की पुन्हा बाहेर काढून ताडून पाहायचं. बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागत घरोघर हिंडताना काय काय झालं, हे दुसऱ्या दिवसाचं चित्र. यात तुम्हाला स्वतःला एकही रेघ काढावी लागत नाही. तुम्हाला प्रश्न विचारता येतात आणि ते तुम्ही रोज करता.

एक गोष्ट टाळा, असं कळकळीने सांगतो. लोककलेच्या नावाखाली मुलांना वारलीचे नमुने गिरवायला देऊ नका. दोन त्रिकोणांचा माणूस आणि तारप्याभोवतीचा फेर हल्ली प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आणि मडक्यावर असतो. वारली स्त्रिया लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, त्याला विधीचा अर्थ आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रभाषा कागदावर आणली, तेव्हा त्यांनी आपल्या पाड्याचं, मासेमारीच्या जाळ्याचं, मुंग्यांचं जग काढलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्ध्याच्या मुलाने त्यांच्याकडून शिकायचंच असेल, तर आपलं गाव इतक्या बारकाईने बघायला शिकावं. त्यांचा त्रिकोण उचलला तर तो आणखी एक पाठ केलेला डोंगर होईल.

वही तपासताना गुण देऊ नका. प्रत्येक चित्राखाली तुम्हाला त्यात दिसलेली एक गोष्ट लिहा. ‘तुझ्या नंदीचा एक कान तुटलेला दिसतोय.’ एवढं वाचलं की मुलाला कळतं, बाईंनी खरंच पाहिलं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून इंटरमीजिएटच्या क्लासला घालावं का? क्लासमध्ये स्मरणचित्रासाठी तीन-चार माणसं पाठ करून घेतात आणि कुठलाही विषय आला तरी तीच बसवायला सांगतात.
(एक पालक, नाशिक)

उत्तर : आवड असेल तर परीक्षा जरूर द्यावी. आधी एलिमेंटरी दिली की इंटरमीजिएटच्या स्थिरचित्राला आणि भूमिती-अक्षरलेखनाला हात तयार होतो आणि अक्षरलेखनाचा उपयोग जन्मभर होतो. वाढीव गुण हा त्यातला लहानसा भाग माना. महामारीत परीक्षाच होऊ शकल्या नाहीत, तेव्हा केवळ गुणांसाठी रंगपेटी उघडलेल्या मुलांच्या हाती काही उरलं नाही. ज्यांना काढायला आवडत होतं त्यांची वही चालूच राहिली.

पाठ केलेल्या माणसांबद्दल तुमची शंका अगदी रास्त आहे. पाठमोरी बाई, सायकलवाला आणि हात वर केलेला मुलगा एवढ्या तिघांवर बाजार, जत्रा, बसस्टॉप, पूरग्रस्तांना मदत असं सगळं निभावून नेतात. श्रेणी मिळते, स्मरण मात्र कोरं राहतं. मुलीला रविवारी नाशिकच्या रविवार कारंज्यावर किंवा बसस्थानकावर अर्धा तास उभी करा, सोबत खिशात मावेल एवढी वही द्या. ओझं उचललेला माणूस कोणत्या बाजूला कलतो, रांगेतली माणसं कुठल्या पायावर भार देतात, एवढंच टिपायचं. चेहरे नकोत. परीक्षेपर्यंत तिच्या हाताशी तिची स्वतःची माणसं असतील.

प्रश्न : आमचे सर चित्रकलेत खोडरबर वापरू देत नाहीत. का?
(इयत्ता पाचवी, रत्नागिरी)

उत्तर : तुझ्या सरांचं कारण बहुधा असं असेल. खोडरबर हातात असला की आपण प्रत्येक रेघेला भितो. अर्धी रेघ, पूस, पुन्हा अर्धी रेघ, पूस. कागद मळतो, फाटतो आणि हात घाबरट होतो.

खोडरबर नव्हता तेव्हा लोक काय करायचे माहीत आहे? पावाचा मऊ तुकडा चोळायचे. रबराने पेन्सिल पुसता येते ही नवलाची गोष्ट म्हणून जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० मध्ये नोंदवून ठेवली. कोळशाने चित्र काढणारे काही चित्रकार अजूनही पाव वापरतात. खोडरबर येण्याआधीच्या मोठमोठ्या चित्रकारांच्या कच्च्या चित्रांत एका हाताच्या जागी तीन-तीन हातांच्या रेघा दिसतात. राफाएलची कच्ची चित्रं कधी पाहिलीस तर कळेल. त्यांनी आधीची रेघ तशीच राहू दिली आणि बरी रेघ तिच्या शेजारी काढली.

तू असं कर. एच बी पेन्सिल बाजूला ठेव आणि टू बी घे. तिच्यात ग्रॅफाइटचा भाग जास्त आणि मातीचा कमी असतो, म्हणून हलका हात ठेवला तरी उमटते. पहिली रेघ इतकी फिकी काढ की ती फक्त तुला दिसेल. चुकली तर शेजारी दुसरी काढ. त्यातली कुठली बरोबर आहे हे कळलं की तीच जोर देऊन गडद कर. आणि हे सगळं झाल्यावर एखादी फारच नको असलेली रेघ राहिली, तर सरांना विचार, शेवटी एकदा खोडू का म्हणून. बहुतेक ते हो म्हणतील.